सीनाकाठची हजेरी

मे १९७३. सकाळचे आठही वाजलेले नाहीत आणि पायाखालचा मुरूम तापलाय. तुम्ही सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात, सीना नदीपासून कोसभर आत एका अर्धवट रस्त्याच्या कडेला उभे आहात. नदी म्हणजे या महिन्यात नुसती वाळू. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या दगडांचे ढीग लागलेत, ढिगांमागे ओळीनं बायका बसल्यात आणि नजर पोचते तिथवर हातोड्यांचा आवाज चाललाय. हा रस्ता कुठे जाणार हे इथल्या कुणाला नीट सांगता येणार नाही. दुष्काळी काम निघालं, चुना पडला, हजेरी सुरू झाली, एवढंच प्रत्येकीला ठाऊक आहे.

समोरची बाई बघा. वय तिशीचं असेल, पण चेहरा पन्नाशीला टेकलाय. डाव्या हाताच्या बोटांना धडुत्याच्या चिंध्या गुंडाळल्यात. जुन्या टायरचं कडं करून त्यात ती दगड धरते आणि उजव्या हातातला हातोडा फार वर न उचलता मनगटातून मारते, कारण ताकद संध्याकाळपर्यंत पुरवायची आहे. घाव बसायच्या क्षणी ती डोळे मिटते. दर घावाला. शेजारच्या ढिगावरच्या एकीच्या डोळ्यात मागच्या आठवड्यात टवका गेलाय, ती आज पदरानं अर्धा चेहरा झाकून बसलीय. खाडा केला तर आठवड्याचा पगार कमी होतो.

“पाव्हणं, उनात का हुबं? या की हिकडं सावलीला.”

सावली म्हणजे एक बाभूळ. तिच्या फांदीला तीन झोळ्या बांधल्यात आणि तिन्हींत पोरं निजलीत. तुम्ही बसता. ती हात न थांबवता बोलत राहते. नऊ एकर जमीन आहे त्यांची. दोन वर्षं शाळू पदरात पडला नाही. बैलजोडी बाजारात नेली तर गिऱ्हाईक मिळेना, शेवटी मिळेल त्या भावाला दावं सोडून आले. नवरा पाझर तलावाच्या कामावर माती टाकतोय, सासू घरी. “नऊ एकराची मालकीण मी, आन बगा,” असं म्हणून ती हातातला दगड दाखवते. तिच्या शेजारी बसलेली बाई गावकुसाबाहेरची. एरवी या दोघी एका ओळीत बसल्या नसत्या. दुष्काळानं बसवलंय. पण पाण्याच्या रांजणाकडे लक्ष ठेवा: एकीला तांब्या मिळतो, दुसरीच्या ओंजळीत वरून पाणी ओततात. हेही त्याच मे महिन्यातलं आहे आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला पटत नाही.

दुपारी सुकडी येते. भुकटी केलेलं पौष्टिक खाणं, गोडसर, हातावर घेऊन फक्की मारायची. पोरांना ती आवडते, म्हणून बायका निम्मी पदरात बांधून ठेवतात. घरी भाकरी मिलोची. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. पीठ चिकट नसतं, थापताना भाकरी चिरते, तव्यावर टाकेपर्यंत तिचे तुकडे होतात. मालदांडीच्या पांढऱ्या भाकरीवर वाढलेल्या माणसांना ती रोज खावी लागतेय. मालदांडीचं निवडक वाण याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलं, आणि या वर्षी मोहोळच्या शिवारातही पेरायला बी राहिलेलं नाही, असं ती सांगते.

मग मुकादम येतो. ओळीच्या टोकापासून एकेक नाव पुकारतो, कारकून मस्टरवर खूण करतो. तिचं नाव येतं. पहिलं तिचं, मधे नवऱ्याचं, शेवटी आडनाव. ती हातोडा खाली ठेवून “हाय” म्हणते. तिच्या आवाजाकडे जरा कान द्या. घरच्या शेतात तिनं आयुष्यभर राबून काढलं, पण तिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. सात-बारा सासऱ्याच्या नावावर, सोसायटीचं कर्ज नवऱ्याच्या. दोन-तीन रुपये रोजाची का असेना, तिच्या नावासमोरची ही पहिली रक्कम आहे.

तिच्यासारखी त्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास, म्हणजे दहातला एक माणूस हजेरीपटावर. ही माणसं गप्प बसून खडी फोडत नव्हती. पगार वेळेवर द्या, रोज वाढवा, रेशनचं धान्य कामावर पोचवा, यासाठी तहसीलवर मोर्चे निघत होते, कामं बंद पडत होती. मुंबईत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या; मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांचं नाव घरोघर झालं ते महागाईविरोधातल्या त्या मोर्च्यांनी. खडीवरच्या बाईला मुंबईचा मोर्चा ठाऊक नव्हता आणि मुंबईच्या बाईनं मिलोची भाकरी थापून पाहिली असेल-नसेल. पण वसंतराव नाईकांच्या सरकारवर दोन्हीकडून दाब पडत होता आणि त्या दाबामुळेच धान्य हललं, कामं निघाली. १९७३ साली महाराष्ट्रात माणसं उपाशी निजली, खंगली, गुरं मेली. पण आधीच्या शतकातल्यासारखी गावंच्या गावं मेली नाहीत. हे आपोआप झालेलं नाही, आणि ते कसं झालं हे कळायला तुम्हाला आणखी मागे जावं लागेल.

चला, शंभर वर्षांना चार कमी. फेब्रुवारी १८७७.

जागा तीच धरा, सीना आणि भीमा यांच्या मधला पट्टा. रस्ता नाही, बाभूळही तोडून नेलीय. तुमच्यासमोर तलावाचा बांध घातला जातोय. याच दुष्काळात जिल्ह्यात आष्टीचा तलाव आणि माण तालुक्यात म्हसवडचा तलाव अशाच उपाशी हातांनी उभे राहायला लागलेत. दौंड-मनमाड लोहमार्गाच्या भरावावरही अशीच माणसं माती ओढतायत. इथे तुम्ही फार वेळ थांबावं असं मला वाटत नाही. बघायचं ते एवढंच: संध्याकाळी तराजू येतो. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात धान्य. दिवसभराच्या खोदाईचा मोबदला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ सुटे पैसे. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. सर रिचर्ड टेंपल यांना व्हाइसरॉय लिटन यांनी दुष्काळावरचा खर्च आवरायला धाडलंय आणि माणसाला जगायला एवढं पुरे, हा टेंपल यांचा हिशेब. त्या काळच्या तुरुंगात सक्तमजुरीच्या कैद्याला याहून जास्त शिधा मिळत होता.

आणि याच जागी माणसं काम सोडून उठतात. हजारोंनी. घरापासून लांबच्या छावण्यांवर जाणार नाही, एवढ्या धान्यावर खोदणार नाही, असं म्हणून ती चालू लागतात. भुकेलेल्या माणसांनी सरकारी कामावर केलेला तो संप होता. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला धाडत होती. गणेश वासुदेव जोशींची, सार्वजनिक काकांची सभा. सत्यशोधक समाजाची माणसं जुन्नर भागात मदत उभी करत होती. सावित्रीबाईंनी ओतूरहून त्या एप्रिलमध्ये जोतीरावांना लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे, आणि उपाशी पोरांसाठी धनकवडीत अन्नछत्र चाललं होतं. मुंबई इलाख्यात तरीही लाखो माणसं मेली. त्याच काळात मुंबई बंदरातून गव्हाची जहाजं इंग्लंडला जात होती. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, तेव्हा या बांधावर माती पडतच होती.

आभाळापुरतं बोलायचं तर ही दोन्ही वर्षं सख्खी आहेत. १८७७, १८९९, १९७२, २०१५, २०२३: या सगळ्या वर्षी प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं होतं. त्याला एल निनो म्हणतात. पेरूच्या किनाऱ्यापासून पसरणारं ते ऊन पाणी वाऱ्यांची घडी विस्कटतं आणि आपल्याकडचा पाऊस रोडावतो. दर वेळी नाही. १९९७ साली एल निनो जबरदस्त होता तरी देशात पाऊस सरासरीएवढा पडला. तरीही खातं एकच आहे. मग एकदा लाखो मेले आणि एकदा वाचले, हा फरक आभाळात शोधून सापडणार नाही. तो पारडं आणि मस्टर यांच्यामधला फरक आहे. पारड्यात दया मोजली जात होती, तीही कमीत कमी. मस्टरवर नाव होतं. नाव असलं की माणूस विचारू शकतो: माझा पगार कुठाय?

हे मला फार मोलाचं वाटतं, म्हणून तुम्हाला लगेच पुढे ओढतो.

तासगाव तालुक्यातल्या विसापूर गावात १९६५ साली एक प्रयोग झाला होता. तो मांडला वि. स. पागे यांनी, तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती. गावात जो काम मागेल त्याला काम द्यायचं, एवढाच त्याचा गाभा. पागे स्वातंत्र्यलढ्यातले, स्वभावानं शांत, आणि या एका गोष्टीचा पिच्छा त्यांनी वर्षानुवर्षं सोडला नाही. दुष्काळ पडल्यावर छावण्या काढायच्या ही जुनी रीत. त्यांचं म्हणणं, काम मागण्याचा माणसाला हक्कच द्या, दुष्काळ असो-नसो. १९७२ च्या महाराष्ट्र दिनाला रोजगार हमी योजना सुरू झाली आणि लगोलग दुष्काळानं तिला झाकोळलं. पण खडीच्या ढिगांवरून आणि मोर्च्यांमधून जी ताकद उभी राहिली तिनं योजनेला मरू दिलं नाही. १९७७ साली कायदा झाला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि तो खेड्यातल्या हमीच्या कामी लावायचा, असा त्याचा पैसा. पगाराच्या पावतीवर दरमहा व्यवसाय कराची छोटी कपात दिसते ना, तिचा उगम इथला आहे. पुढे २००५ साली संसदेनं सगळ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा डोळ्यापुढे महाराष्ट्रच होता.

१९७३ मधली ती बाई या कायद्याच्या कर्त्यांमध्ये मोजली जात नाही. मी मोजतो.

आता भराभर चला. सत्तरच्या दशकाचा मध्य. गावात लोखंडी हापसा बसतोय. विहिरी आटल्या म्हणून दुष्काळात खडक फोडणारी यंत्रं आली, कूपनलिका निघाल्या, पण त्यांवर बसवलेले परदेशी बिडाचे हातपंप चार दिवसांत मोडायचे. ते घरगुती वापराचे, आणि इथे तर सगळं गाव दिवसभर दांडा मारणार. सोलापुरात एक टणक पंप तयार झाला आणि त्याच धर्तीवर पुढे ‘इंडिया मार्क टू’ आला, जो आशिया-आफ्रिकेतल्या कित्येक देशांत पोचला. तुम्ही दांडा मारून पाहा. पहिल्या दहा-बारा हिसक्यांत काही येत नाही, मग खालून जड लागतं आणि गार पाणी येतं. शेजारची पोर हसते; तिला दांडा धरून लोंबकळावं लागतं.

१९८०. उजनीचं धरण पुरं झालंय. भीमेवरचं ११७ टीएमसीचं पाणी, आणि पाठोपाठ ऊस. पुढे उजनीचं पाणी जोडकालव्यानं सीनेतही सोडायला लागले. काठाच्या गावांत घरांवर स्लॅब पडले, पोरं पुण्याला शिकायला गेली. मी उसाला शिव्या देणाऱ्यांतला नाही. ज्या बाईनं मिलोची भाकरी थापली तिच्या मुलानं उसाच्या बिलावर घर बांधलं तर त्याला नावं ठेवायचा हक्क कुणाला पोचत नाही. भाव ठरलेला, कारखाना नेणार ठरलेला. ज्वारीला यातलं काहीच नाही. पण धोरण ठरवणाऱ्यांना नावं ठेवायलाच हवीत. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगानं १९९९ सालीच पाण्याचा हिशेब मांडून दिला होता. तरी जिथे आभाळातून फार कमी पडतं त्या सोलापुरात राज्यातले सर्वाधिक साखर कारखाने उभे राहिले. उजनी भरलं की सोलापूर हसतं आणि आटलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं, गर्दी फोटो काढायला जाते, आणि त्याच तळ्याच्या भरवशावरच्या गावांत टँकर फिरत असतो.

एप्रिल २०१६ चा लातूर तुम्ही टीव्हीवर पाहिलाच असेल. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाणवठ्यांवर मारामाऱ्या होतील म्हणून जमावबंदी लावली होती. तिथे फार थांबायची गरज नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मात्र एका दुपारी माढ्याच्या शिवारात या. हातात मोबाइल, मोबाइलवर हवामानाचा अंदाज, अंदाजात रोज ढग. वर बघावं तर खरंच ढग, पण कोरडे. १९०१ पासून नोंदी आहेत आणि त्यांतला देशाचा सर्वांत कोरडा ऑगस्ट तुमच्या डोक्यावर आहे. तूर माना टाकतेय. १९७३ च्या बाईला ही दुपार अनोळखी वाटली नसती.

पुढची रात्र तिला अनोळखी वाटली असती.

सप्टेंबर २०२५. घटस्थापना २२ तारखेला झालीय. सकाळी घरच्या बाईनं शेतात जाऊन घटासाठी पाटीभर काळी माती आणली, पत्रावळीवर पसरली, तिच्यात गहू, ज्वारी, करडई असं सात प्रकारचं धान्य पेरलं, मधे मातीचा घट ठेवला, वर पानांची माळ सोडली. दोन दिवसांनी, रात्री, सीनेचं पाणी आलं. वर अहिल्यानगर, बीड, धाराशिवच्या डोंगरपट्ट्यात पाऊस कोसळला होता. सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी हे परंड्याकडचे प्रकल्प तुडुंब होते आणि सगळं पाणी एका नदीत उतरलं. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग थांबला. परंडा-भूमकडे माणसं हेलिकॉप्टरनं उचलावी लागली. मे महिन्यातच पाऊस आला होता तेव्हा सगळे खूश होते. मुंबईत २६ मे रोजीच मोसमी पाऊस पोचला, इतक्या लवकर तो कित्येक दशकांत आला नव्हता. मे मध्ये भिजलेली जमीन सप्टेंबरपर्यंत नीट वाळलीच नाही. नवं पाणी मुरायला जागा राहिली नव्हती.

पाणी ओसरल्यावर तुम्ही त्या बाईबरोबर शेतात जा. गोठा लागतो. दाव्याला बांधलेली गाय दाव्यालाच आहे. तिच्याकडे न बघता ती पुढे चालते, तुम्हीही चला. ठिबकच्या नळ्या बाभळीच्या शेंड्यात गुंतल्यात, पाण्याची मोटर दोनशे पावलांवर गाळात उपडी पडलीय. ऊस लोळलाय. सोयाबीन जिथे होतं तिथे काही नाही. म्हणजे पीक नाही असं नाही, जमीन नाही. हात-दीड हात खोल काळी माती वाहून गेलीय आणि खालचा मुरूम वर आलाय, त्यावर नदीनं आणून टाकलेले गोटे. ती खाली बसते, एक गोटा उचलते आणि ठेवून देते. घरी घटाखाली जी माती आहे तेवढीच आता या शेताची काळी माती. अंकुर वर आलेत. घटाचं विसर्जन करायचं की नाही, हे ती तुम्हाला विचारते. तुमच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही.

काळी माती हा शब्द आपण फार सहज वापरतो. इथला बेसॉल्ट खडक झिजून तिचा एक इंच थर व्हायला शेकडो वर्षं लागतात. दुष्काळात पीक जातं, जमीन राहते; पाऊस आला की माणूस पुन्हा पेरतो. १८७७ नंतर पेरलं, १९७३ नंतर पेरलं. पुरानं जमीनच नेली तर पुढच्या वर्षी चांगला पाऊस येऊनही उपयोग नाही.

आणि असा पाऊस वाढलाय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात, मोठ्या टापूवर एकदम कोसळणाऱ्या अतिपावसाच्या घटना तिपटीनं वाढल्या. अरबी समुद्र तापतोय, आणि हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. ते एकदम सुटतं. एकूण पाऊस फार बदलत नाही, कधी कमीही होतो, पण पडायचे दिवस घटतात आणि उरलेल्या दिवसांत तो बादलीनं ओततो. २०२३ चा कोरडा ऑगस्ट आणि २०२५ चा सप्टेंबर एकाच शेतावर दोन वर्षांच्या अंतरानं येऊन गेले. सीनाकाठच्या माणसानं विमा कशाचा काढायचा?

विम्याचंही सांगतो. याच खरिपापासून राज्यातला एक रुपयातला पीक विमा बंद झाला. पीक कापणी प्रयोगातून मंडळाचं सरासरी उत्पन्न घसरलेलं दिसलं तरच भरपाई, असं ठरलं. एकट्या शेताचं पाण्यानं झालेलं नुकसान कळवायची सोय गेली. नेमक्या त्याच वर्षी नदी आली.

आता तलाठी आलाय, पंचनामा चाललाय. त्याच्यावर रागावू नका. त्याच्याकडे तीन-चार गावं आहेत आणि मोबाइलला रेंज नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी, हा त्याला ठाऊक असलेला नियम. सीनाकाठी पूर आला तो वरच्या जिल्ह्यांतल्या पावसानं. पर्जन्यमापकाचं भांडं गावात आहे आणि पाणी दुसरीकडून आलंय. फोटो काढा, गट नंबर सांगा, फार्मर आयडी आहे का, ई-केवायसी झालीय का. कोरडवाहू पिकाला आपत्ती निधीतून ठरलेला दर हेक्टरी ८,५०० रुपये. आपली सगळी व्यवस्था दुष्काळ ओळखायला शिकलेली आहे. आणेवारी, पैसेवारी, टंचाई, टँकर, छावणी, हे शब्द तिच्या हाडात मुरलेत, कारण दीडशे वर्षांच्या भुकेनं आणि भांडणांनी ते शिकवलेत. एका रात्रीत माती जाते, यासाठी तिच्याकडे रकाना नव्हता.

ऑक्टोबरमध्ये सरकारनं मदतीची घोषणा केली तेव्हा त्यात एक ओळ होती, जी वाचून मी थांबलो. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रोख आणि तीन लाख रुपयांपर्यंतचं काम रोजगार हमीतून. माती परत आणायची ती हमीच्या मजुरीतून. दुष्काळात जन्मलेली योजना पुराच्या कामी येतेय. पागे यांनी विसापुरात काम मागण्याचा हक्क मांडला तेव्हा कुणाच्या मनात हे असणं शक्य नव्हतं, आणि म्हणूनच मला वाटतं की त्यांनी बरोबर गोष्ट धरली होती. आभाळ पुढे काय करेल हे कुणी लिहून ठेवू शकत नाही. माणसाला मागायचा हक्क आहे, एवढं लिहून ठेवता येतं, आणि ते लिहिलेलं असलं तर नव्या संकटातही कामाला येतं.

आणि दोनच महिन्यांनी, डिसेंबर २०२५ मध्ये, संसदेनं त्या हमीच्या जागी नवा कायदा केला. दिवस १०० चे १२५ झाले. पण खर्चातला ४० टक्के वाटा राज्यांवर आला, केंद्र प्रत्येक राज्याची रक्कम आधीच ठरवून देणार, आणि पेरणी-कापणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवायची मुभा मिळाली. जास्त दिवस दिले म्हणून मी आनंद मानायला तयार होतो. पण रक्कम आधी ठरली की मागणी तिच्या आत बसवावी लागते, आणि मग हमी पुन्हा पारड्याकडे सरकते. ज्या वर्षी ऑगस्ट कोरडा जाईल आणि सप्टेंबरात नदी येईल त्या वर्षी माणसं दुप्पट काम मागतील. मार्च महिन्यात ठरवलेल्या आकड्याला ते ठाऊक नसेल. पुरानं खरिपाचं पीकच नेलेल्या माणसाला कापणीच्या हंगामात काम नको असतं, हे कुणी ठरवलं?

एवढ्या प्रवासानंतर तुम्हाला एका बैठकीला नेतो. २६ जानेवारी २०२६. झेंडावंदन झालंय, पोरांना बुंदी वाटून झालीय, समाजमंदिरात ग्रामसभा बसलीय. पुरुष खुर्च्यांवर आणि भिंतीला टेकून, बायका पुढे सतरंजीवर. तुम्ही दाराशी. घरकुलाच्या यादीवर भांडण होऊन संपलं, स्मशानभूमीच्या रस्त्याचा विषय नेहमीप्रमाणे पुढे गेला. मग सतरंजीवरची एक जण उठते. तिच्या हातात वहीचा फाडलेला कागद आहे.

“गावच्या वरल्या अंगाला बहात्तरच्या दुष्काळातला पाझर तलाव हाय. त्यात गाळ भरलाय. आमच्या रानातली माती वाहून गेली, अन् त्या तलावात चांगली काळी माती पडून हाय. ती काढायचं काम आम्हाला पायजे. हजेरीवर. यंत्र नको.”

मागून कुणीतरी म्हणतं, जेसीबी लावला तर आठ दिवसांत होईल. तिचं उत्तर तयार आहे: “जेसीबी आठ दिवसांत करंल. मग आमी फुडचं आठ महिने काय खायाचं?”

ग्रामसेवक म्हणतो, अंदाजपत्रक करावं लागेल, तांत्रिक मंजुरी लागेल, नवा कायदा आलाय, त्याच्या सूचना अजून आलेल्या नाहीत. हे सगळं खरं आहे आणि तो माणूस वाईट नाही. ती ऐकून घेते. बसत मात्र नाही. कागदावर बावीस सह्या आहेत, त्यातले सहा अंगठे. प्रत्येकीचं नाव आधी तिचं, मग नवऱ्याचं. तीन नावांपुढे आईचं नाव लावलंय.

“अर्ज घेतला म्हणून पोच द्या.”

“कार्यालयात या उद्या, देतो.”

“हितंच द्या. शिक्का तुमच्या पिशवीत हाय, मगाशी दाखल्यावर मारला न्हाय का. आजची तारीख घाला. आजपासनं पंधरा दिवस मोजणार आमी, काम न्हाय निघालं तर बेकार भत्ता मागणार.”

सभा शांत झालीय. सरपंच ग्रामसेवकाकडे बघतात, ग्रामसेवक पिशवीत हात घालतो. पेन चालत नाही. तुमच्या खिशात आहे, तुम्ही पुढे करता. तो तारीख घालतो, शिक्का मारतो, सही करतो. ती कागद घेऊन आधी शिक्का वाळू देते, मग शेजारणीला वाचायला देते, शेजारीण तारीख मोठ्यानं वाचते आणि म्हणते, “दुसरी परत तहसीलला द्यायची. उद्या सकाळच्या एसटीनं. कोण येतंय?”

सात हात वर होतात.